दाट साठवण आणि नोंदीचे मोल
इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात बोस्टन स्पा येथे ब्रिटिश ग्रंथालयाने २००९ साली स्वयंचलित ग्रंथभांडार उघडले. तेथे सुमारे २६२ किलोमीटर लांबीच्या फळ्यांवर ग्रंथ पेट्यांत ठेवलेले असून, यांत्रिक क्रेन हवी ती पेटी काढून आणतात. माणसांची ये-जा नसल्याने थोड्या जागेत अधिक ग्रंथ मावतात; आग लागू नये म्हणून हवेतील प्राणवायूही कमी राखला जातो. पेटी नेमकी कोठे आहे, हे मात्र संगणकातील नोंदीवरूनच कळते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रंथालयाच्या संगणक यंत्रणेवर सायबर हल्ला झाला, तेव्हा ग्रंथ जागेवर असूनही वाचकांना काही महिने मिळू शकले नाहीत. साठवण जितकी दाट, तितकी नोंदीची काळजी अधिक. कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांनाही हेच तत्त्व लागू पडते.