खात्यावरचा लाल शेरा

बायकांच्या काही दुखण्यांना आपल्याकडे नावच नसते. ‘अंगावरून जातंय’ एवढे बोलून विषय संपतो, आणि तेही जावेपाशी किंवा बहिणीपाशी. गर्भाशयमुखाचा कर्करोग या अबोल्यावर पोसला जातो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना तो झाला आणि जवळपास ८० हजार दगावल्या. वास्तविक हा रोग यायला विषाणूच्या शिरकावानंतर साधारण पंधरा-वीस वर्षे जातात. एवढी मुदत दुसरा कुठला कर्करोग देतो?

विषाणूचे नाव ह्यूमन पॅपिलोमा, म्हणजेच एचपीव्ही. रोगाशी त्याचे नाते उलगडणारे हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. पण हा विषाणू शोधून जीव वाचतात हे दाखवण्यात मराठवाड्याचा मोठा वाटा आहे. १९९९ च्या अखेरीस तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला; बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र त्यात होते. निष्कर्ष २००९ मध्ये आले. विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटातल्या ३४ हजार स्त्रियांत आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. तशी तपासणी न मिळालेल्या ३१ हजारांत ६४.

मग अडते कुठे? विषाणू सापडणे म्हणजे रोग नव्हे. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. हप्ता थकला म्हणून कर्ज बुडाले असे होत नाही, हे बँकेत उमेदवारीतच शिकवतात. खरा धोका कोणाला, हे ठरवायला त्या बाईला पुन्हा बोलवावे लागते. आणि पुन्हा बोलावलेली बाई येतेच असे नाही. सुगी असते, सासू आजारी असते, एसटीचे भाडे असते, आणि नवऱ्याला काय सांगायचे हा प्रश्न असतोच.

नेमके इथे डीएनए मिथायलेशन कामाला येते. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिनवर मिथिल नावाचा इवलासा रासायनिक गट चिकटतो. अक्षर बदलत नाही. पण जनुकाच्या सुरुवातीला असे गट दाटले की ते वाचलेच जात नाही. जुन्या लेजरमध्ये खात्याच्या पानावर लाल शाईने ‘व्यवहार बंद’ असा शेरा असे. शिल्लक जागच्या जागी, पण पैसा निघत नसे, तसेच हे. पेशींच्या बेबंद वाढीला आवर घालणाऱ्या जनुकांवर असे शेरे पडू लागले, की विषाणू आता नुसता पाहुणा राहिला नाही असे समजावे. विकृती गंभीर होत जाते तसे ते वाढतात. ते वाचण्याची युक्तीही नामी आहे. बायसल्फाइट हे रसायन साध्या सायटोसिनचे युरॅसिल करून टाकते, मिथिल चिकटलेल्याला मात्र हात लावत नाही. हा फरक मग पीसीआर टिपते.

अ‍ॅम्स्टरडॅमच्या संशोधकांनी यासाठी जनुकांची एक जोडी निवडली. २५ हून अधिक देशांतील ५१९ कर्करोगांचे नमुने तिने तपासले, तेव्हा ९८ टक्क्यांहून अधिक पकडले गेले. मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला नेदरलँड्समधलाच दुसरा प्रयोग. तपासणीला न येणाऱ्या बायकांना घरपोच संच पाठवले. नमुना त्यांनी स्वतःच घ्यायचा. विषाणू आढळलेल्यांपैकी एका गटाचे मिथायलेशन त्याच नमुन्यावर पाहिले, दुसऱ्या गटाला काचपट्टीवरच्या तपासणीसाठी डॉक्टरकडे जायला सांगितले. पहिल्या गटात निदानाला साधारण ९६ दिवस लागले, दुसऱ्यात १५८. मात्र पहिल्या गटातून पुढच्या तपासणीला धाडलेल्या बायकाही जास्त निघाल्या, हेही सांगायला हवे.

आपल्याकडे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी दोन टक्के स्त्रियांचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती. तेव्हा आधी विषाणूचीच तपासणी गावोगावी पोचू दे, मिथायलेशन मागाहून, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. लस आजच्या मुलींना वाचवील. त्यांच्या आयांसाठी तपासणीच आहे, आणि एका नमुन्यात दोन्ही उत्तरे मिळणे कोणाला हवे असेल तर ते धाराशिवच्या बाईलाच. शेरा सापडल्यावर तिला बार्शी किंवा सोलापूर गाठावे लागेल. ते भाडे आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी तपासणीच्या खर्चातच धरली पाहिजे.