गुण घसरलेल्या पोराच्या पाठीशी कोण?

फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ साली टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजीला उतरला, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी त्याच्या मजूर आई-बापाच्या झोपडीचे फोटो छापले. 'गरिबीवर मात' असे मथळे दिले आणि मोकळे झाले. आम्हाला मात्र या हकिकतीत जिल्हा परिषद शाळेतला मास्तर महत्त्वाचा वाटतो. विकास भुजबळ या शिक्षकाने पोरगा हेरला, त्याला धावायला लावले, त्याच्या खाण्यापिण्याकडे पाहिले. पुढे क्रीडा प्रबोधिनीत गुण घसरले, घरी परत पाठवण्याची वेळ आली. तेव्हा अजून एक संधी द्या, असा शब्द याच मास्तरांनी टाकला.

बापाने का टाकला नाही? एक दिवसाची हजेरी बुडली तर ज्याची चूल थंड राहते, त्याने प्रबोधिनीत जाऊन साहेबांपुढे काय बोलायचे? पालकांनी मुलांवर दडपण आणू नये, असे उपदेश शहरी मंडळी करतात. खरेच आहे ते. पण आमच्या वस्तीतल्या पोराला दडपण आणायला बाप लागत नाही. नेम चुकला की रोजंदारी, हे त्याला झोपेतही ठाऊक असते. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव घालणारे रामजी सुभेदार लिहिते-वाचते होते, मास्तरांपुढे उभे राहू शकत होते. असा बाप सगळ्यांना लाभत नाही. ज्याला लाभत नाही, त्याच्या बाजूने बोलणारे माणूस शाळेत आणि मैदानावर नको काय?

सांगलीचा संकेत सरगर पानपट्टी आणि चहाची गाडी चालवणाऱ्या बापाचा मुलगा. ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो वजन उचलले. सुवर्ण एका किलोने हुकले. १३९ किलोच्या प्रयत्नात उजव्या कोपराला दुखापत झाली, तरी गडी पुन्हा त्याच वजनाला भिडला. देशाने टाळ्या वाजवल्या. रौप्य मिळूनही पोरगा स्वतःवरच नाराज होता. प्रशिक्षकाला बोल लावण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पण एकविसाव्या वर्षी स्वतःच्या हाताची पर्वा न करण्याइतके ओझे मनावर असेल, तर ते उतरवायचे कोणी?

घरी पगार असला म्हणजे सारे सोपे होते, असेही नाही. २०२३ साली बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी जगज्जेती झालेल्या साताऱ्याच्या अदिती स्वामीचे वडील शिक्षक. मुलीसाठी त्यांनी गाव सोडून शहर गाठले, कर्जही काढले. फरक एवढाच की तो बाप प्रशिक्षकाशी बरोबरीने बोलू शकतो.

आणि मुलींचा प्रश्न तर याहून नाजूक. २०२३ च्या जानेवारीत नामवंत महिला पैलवानांना जंतरमंतरवर बसावे लागले. त्यांची ही गत, तर ऊसतोड मजुराच्या लेकीने कोणाकडे जावे? लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा क्रीडा संस्था आणि मैदानांनाही लागू आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असतील तिथे तक्रार समिती हवीच, नसतील तिथे जिल्ह्याची समिती आहे. सातारा-सांगलीतल्या प्रत्येक क्रीडासंकुलाच्या दारावर त्या समितीतील बाईंचे नाव आणि फोन नंबर ठळक मराठीत लावायला किती खर्च येतो, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी सांगावे.