हेडफोन
विद्युत् संकेतांचे ध्वनीत रूपांतर करणारे, डोक्यावर बसवावयाचे श्रवणसाधन. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्या काळी स्वस्त स्फटिक ग्राहीला विवर्धक नसे. म्हणून कार्यक्रम हेडफोननेच ऐकावे लागत. संगणकाला जोडावयाच्या हेडफोनमधील दोष बहुधा ३·५ मिमी. व्यासाच्या खुंटीजवळ उद्‌भवतो. तेथील सामाईक तार तुटल्यास डाव्या व उजव्या संकेतांतील फरक तेवढाच कानी पडतो. त्यामुळे वाद्ये ऐकू येतात, पण दोन्हींत समान मुद्रित झालेला गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. हा ध्वनिमुद्रणाचा दोष नव्हे. एकाच कानात आवाज येत असल्यास हेडफोन दुसऱ्या उपकरणास जोडून पहावा. तेथेही तसेच घडल्यास दोष हेडफोनचाच असतो. आवाज मुळीच नसल्यास संगणकाने ध्वनी पडद्यातील ध्वनिक्षेपकाकडे वळविला आहे काय, हे प्रथम पहावे.