संगणकातील गुप्तता, लेखांक 9 : पासवर्ड येण्यापूर्वीची फाइल

ज्या माहितीचे सारे मोल ती सर्वांना एकाच क्षणी कळण्यात असते, ती माहिती हजारो ठिकाणी कशी पोहोचवावी, या प्रश्नाचे एक स्वच्छ उत्तर अमेरिकेतील शालेय रोबोटिक्स स्पर्धेत पाहायला मिळते. संशोधक डीन केमन यांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेची ही स्पर्धा 1992 मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर येथे एका शाळेच्या व्यायामशाळेत 28 संघांनिशी प्रथम भरली. आज अनेक देशांतील संघ तीत उतरतात आणि त्यांत मुंबईतील विद्यार्थ्यांचाही सहभाग राहिला आहे. स्पर्धेतील खेळ दरवर्षी नवा असतो. 2023 मध्ये रोबोंना शंकू आणि घनाकृती ठोकळे उचलून ठरलेल्या जागी ठेवायचे होते, तर 2024 मध्ये फोमच्या नारिंगी कड्या फेकायच्या होत्या. हा खेळ कोणता, हे जानेवारीच्या आरंभी ‘किकऑफ’ नावाच्या कार्यक्रमात जाहीर होते, आणि तेथून रोबो घडवण्याचे मोजके आठवडे सुरू होत असल्यामुळे एखाद्या संघाला नियम दोन दिवस आधी कळले, तर स्पर्धेचा न्यायच बिघडतो.

नियमपुस्तिका मोठी असते आणि किकऑफच्या क्षणी सर्वच संघ ती एकदम उतरवून घेऊ लागले, तर सर्व्हरवर ताण येतो व मंद इंटरनेट असलेली शाळा मागे पडते. म्हणून ही पुस्तिका कूटबद्ध पीडीएफच्या रूपात, म्हणजे योग्य पासवर्डवाचून केवळ निरर्थक बाइट्सचा ढीग दिसेल अशा स्वरूपात, आधीच उपलब्ध करून दिली जाते आणि पासवर्ड मात्र किकऑफच्या वेळी जाहीर होतो. प्रश्नपत्रिकेचे सीलबंद पाकीट परीक्षेच्या आदल्या रात्री परीक्षार्थींच्याच घरी ठेवून द्यावे, तसा हा प्रकार आहे. तो निर्धोक ठरतो, कारण येथे भरवसा विद्यार्थ्यांच्या संयमावर नसून गणितावर असतो. जड फाइल सावकाश पोहोचते, तर मूठभर अक्षरांचा पासवर्ड क्षणात सर्वत्र जातो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर भर दुपारी 12 वाजता तो जाहीर झाला, तर मुंबईत रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, पण दोन्हीकडची फाइल एकाच वेळी उघडते.

या व्यवस्थेतील खरा नाजूक भाग मात्र वेगळाच आहे. बँकेच्या संकेतस्थळावर पासवर्ड काही वेळा चुकला की खाते बंद होते, कारण पलीकडे मोजणारा सर्व्हर असतो. स्वतःच्या संगणकावर उतरवलेल्या फाइलीला असा पहारेकरी नसतो आणि एखादा प्रोग्राम तिच्यावर हवे तितके अंदाज चालवून पाहू शकतो. केवळ इंग्रजीतील लहान लिपीची आठ अक्षरे घेतल्यास सुमारे 20,883 कोटी पासवर्ड संभवतात, आणि सेकंदाला दहा लाख अंदाज करणारा संगणक ते सारे अडीच दिवसांच्या आत तपासून संपवतो. अक्षरे बारा केली, तर त्याच संगणकाला सुमारे 3000 वर्षे लागतात. अर्थात हा हिशेब यदृच्छेने निवडलेल्या अक्षरांचा आहे. शब्दकोशातील शब्द वा सहज सुचणारे घोषवाक्य याहून कितीतरी लवकर सापडते.

पीडीएफच्या इतिहासात याचा एक बोलका दाखला आहे. 2008 मध्ये आलेल्या ॲक्रोबॅट 9 मध्ये किल्ली, म्हणजे मजकूर प्रत्यक्ष कूटबद्ध करणारी संख्या, 128 बिटांवरून 256 बिटांची झाली, परंतु पासवर्ड तपासण्याची क्रिया इतकी सोपी ठेवली गेली की अंदाज पूर्वीपेक्षा अधिक वेगाने करता येऊ लागले. पुढील आवृत्तीत ही तपासणी मुद्दाम अनेक फेऱ्यांची व संथ करण्यात आली. खऱ्या वाचकाला तो विलंब जाणवतही नाही, पण अब्जावधी अंदाज करणाऱ्याला तोच भारी पडतो. किल्लीच्या लांबीची जाहिरात वाचून निश्चिंत होणे म्हणूनच चुकीचे आहे.

संघाच्या बाजूने पाहता, फाइल आधी मिळण्याचा मोठा लाभ चाचणीचा आहे. फाइल उघडताच पासवर्ड विचारणारी चौकट आली, तर वाचक-प्रोग्रामला ती ओळखता आली असे समजावे. ती खराब असल्याचा संदेश आला, तर डाउनलोड बहुधा अर्धवट झाले आहे, आणि हे किकऑफच्या क्षणी कळण्यापेक्षा आदल्या दिवशी कळलेले बरे. नव्या पद्धतीने कूटबद्ध केलेली फाइल जुन्या प्रोग्रामला उघडता येत नाही, म्हणून तो आधीच अद्ययावत करून ठेवावा. पासवर्ड टाकताना लहान-मोठ्या लिपीतील अक्षरांचा फरक पाळावा लागतो. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांची गल्लत, किंवा कॉपी करताना शेवटी चिकटून आलेली रिकामी जागा, एवढ्यानेही बरोबर पासवर्ड नाकारला जातो. अशा वेळी घाबरून फाइल पुन्हा उतरवत बसण्याऐवजी एका विद्यार्थ्याने पासवर्ड मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने तो एकेक अक्षर हाताने टाकावा.