काकांच्या कानात ताईची कॉमेंट्री का शिरत नाही?

संध्याकाळची लोकल. डब्यात पाय ठेवायला जागा नाही आणि जिकडे बघावं तिकडे कानांत इअरबड्स. काका अभंग ऐकतायत, ताई क्रिकेटची कॉमेंट्री आणि दारातला दादा ढिंच्यॅक गाणं. आता सांगा बरं, काकांच्या अभंगात मध्येच ‘सिक्सर!’ असं का ऐकू येत नाही?

फोनमधून निघणाऱ्या रेडिओलहरी काही नेमका एकच कान शोधत जात नाहीत. त्या चहूकडे पसरतात. ताईच्या फोनच्या लहरी काकांपर्यंतही पोचतात. त्यात भर म्हणजे सगळ्यांचं ब्लूटूथ लहरींचा एकच पट्टा वापरतं, सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा थरथरणाऱ्या लहरींचा. पुष्कळ वायफाय तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा तिथेच! मग व्हायला हवा नुसता कलकलाट. होत नाही, कारण ब्लूटूथ एका जागी थांबतच नाही.

नेहमीच्या ब्लूटूथमध्ये या पट्ट्याचे ७९ चॅनेल केलेले असतात. समजा, अंगणात ठिकरीची ७९ घरं आखलीत. फोन एका घरात गाण्याचा चिमुकला तुकडा टाकतो आणि टुणकन दुसऱ्याच घरात उडी मारतो. सेकंदाला १६०० उड्यांपर्यंत मजल जाते! आणि गंमत बघा, इअरबडही त्याच क्षणी त्याच घरात हजर. जोडणी होताना फोनचा खास क्रमांक आणि त्याचं घड्याळ इअरबडला कळतं. त्यावरून दोघं एकच गणित करतात आणि उड्यांचा क्रम काढतात. ताईच्या फोनचा क्रमांक वेगळा, म्हणून उड्याही वेगळ्या. कधी दोन फोन एकाच घरात आदळतात, पण बिघडलेला तुकडा लगेच पुन्हा पाठवला जातो. वायफायने अडवलेली घरं तर खेळातूनच वगळतात. शिवाय तुकडे गुप्त किल्लीने कुलूपबंद करण्याची सोयही आहे.

अशा उड्यांची कल्पना ब्लूटूथच्या खूप आधीची. दुसऱ्या महायुद्धात हेडी लमार या हॉलिवूडच्या नटीने जॉर्ज अँथाइल या संगीतकाराबरोबर पाणतीर (टॉर्पेडो) रेडिओसंदेशाने चालवण्याची युक्ती शोधली. शत्रूला संदेश अडवता येऊ नये, म्हणून तो उड्या मारत पाठवायचा. किती लहरींवरून? पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे ८८! १९४२मध्ये त्यांना पेटंट मिळालं. नौदलाने मात्र तेव्हा ती युक्ती वापरली नाही. नटीचं डोकं फक्त केशरचनेसाठी असतं, असं वाटणाऱ्यांना हा चांगलाच टोला आहे.

एवढं असूनही इअरबडवर गेम खेळताना आवाज जरा मागून येतो ना? त्यात लहरींचा दोष नाही. त्या एक मीटर अंतर सेकंदाच्या तीस कोटीव्या भागात कापतात. वेळ जातो तो आवाज दाबून लहान करण्यात, पुन्हा उलगडण्यात आणि अडचणीसाठी थोडा साठा हाताशी ठेवण्यात.

आता एक प्रयोग. मोठ्यांना विचारून, गाणं चालू असलेला फोन मिनिटभर कोरड्या स्टीलच्या डब्यात ठेवा. झाकण घट्ट लावा आणि इअरबड घालून हळूहळू लांब जा. मग डब्याऐवजी फोन उशीखाली ठेवून तेवढंच चाला. गाणं कुठे अडखळलं? दोन्ही वेळची पावलं मोजा आणि आम्हाला कळवा.