मुंबईतील वैद्यकशिक्षण, नियतकालिके आणि मराठी परिभाषा

मुंबई इलाख्यात पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण प्रथम देशी भाषांतून सुरू झाले, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. १८२६ साली डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली सरकारी वैद्यकशाळा निघाली. सरकारी सेवेसाठी दुय्यम वैद्यकीय नोकर तयार करणे हा तिचा हेतू होता. १८३२ मध्ये ती अपयशी ठरवून बंद करण्यात आली. कलकत्त्याच्या अशाच संस्थेचा शेवट १८३५ साली झाला आणि तिच्या जागी इंग्रजी माध्यमाचे महाविद्यालय आले. मुंबईतही तोच मार्ग पत्करला गेला. १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि १८५१ साली भाऊ दाजी लाड यांच्यासह त्याची पहिली तुकडी बाहेर पडली.

तथापि मराठीचा प्रश्न तेथे संपला नाही. १८६१ मध्ये त्याच महाविद्यालयात मराठी व गुजराती वर्ग उघडण्यात आले. डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारखे विद्वान मराठीतून वैद्यक व वनस्पतिविषयक लेखन करू लागले. मात्र एकाच वास्तूत दोन भाषा नांदत असल्या तरी त्यांची प्रतिष्ठा समान नव्हती. पदवी इंग्रजीला मिळाली, तर मराठीच्या वाट्याला दुय्यम सेवा आली. भाषेचा दर्जा हा अशा वेळी तिच्या शब्दसामर्थ्यावर ठरत नाही, तो वेतनश्रेणीवर ठरतो.

याहून महत्त्वाचा, आणि सहसा दुर्लक्षिला जाणारा, मुद्दा नियतकालिकांचा आहे. मुंबईतील वैद्यक व पदार्थविज्ञानविषयक सभा १८३५ साली स्थापन झाली आणि १८३८ पासून तिचे कार्यवृत्त इंग्रजीत छापले जाऊ लागले. रुग्णाचा वृत्तान्त, शवविच्छेदनातील निरीक्षण, उपचाराविषयीचा मतभेद हे सर्व त्यात येई. पाठ्यपुस्तक संज्ञेला जन्म देते खरे. परंतु दहा जणांनी ती वापरून, घासून, प्रसंगी नाकारून तिचा अर्थ निश्चित करावा लागतो, आणि हे काम नियतकालिकात होते. मराठी वर्गाला पाठ्यपुस्तके लाभली, पण वादविवादाची अशी कायमची जागा लाभली नाही. त्यामुळे संज्ञा घडल्या तरी बऱ्याचशा पुस्तकातच राहिल्या. पुढे, १९५५ साली, के. ई. एम. रुग्णालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरातून पदव्युत्तर वैद्यकाचे नियतकालिक निघाले, तेही इंग्रजीतच. त्याच्या लेखकांना जगभरचा वाचक हवा होता. त्याबद्दल त्यांना दोष देणे उचित होणार नाही.

मराठी संज्ञा टिकल्या त्या वेगळ्या वाटेने, सार्वजनिक आरोग्याच्या कारभारातून. 'हिवताप', 'क्षयरोग', 'कुष्ठरोग' हे शब्द फलक, पत्रके व मोहिमांमधून रोज उच्चारले गेले. 'पटकी' हा बोलीतला शब्द शासकीय कागदावरही चढला. उलट, ज्या संज्ञा फक्त तज्ज्ञांना लागतात त्यांना असा आधार मिळाला नाही. मध्य प्रदेशात २०२२ साली प्रथम वर्षाची वैद्यकीय पुस्तके हिंदीत प्रसिद्ध झाली. मराठीत तसा यत्न झाल्यास शब्द बनविण्यापेक्षा ते वापरणारे अध्यापक व परीक्षक मिळविणे अधिक कठीण जाईल.

कांजूरमार्गसारख्या उपनगरातील दवाखान्यात हा पेच सहज पाहावयास मिळतो. भिंतीवरच्या तक्त्यावर 'मधुमेह' आणि 'रक्तदाब' असते, चिठ्ठी इंग्रजीत असते, आणि रुग्ण मात्र आपल्याला 'शुगर' व 'बीपी' असल्याचे सांगतो.