‘क्वांटिटी’ : एक इंग्रजी शब्द आणि त्याचे मराठी प्रतिशब्द

उद्दिष्टे

या उपघटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला
• ‘क्वांटिटी’ या शब्दाच्या निरनिराळ्या अर्थच्छटा सांगता येतील.
• संदर्भानुसार योग्य मराठी प्रतिशब्द निवडता येईल.
• चुकीच्या प्रतिशब्दामुळे होणारा अनर्थ ओळखता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक भाषांतरात अवघड शब्दांपेक्षा सोपे वाटणारे शब्द अनेकदा अधिक फसवतात. ‘क्वांटिटी’ हा असाच एक शब्द होय. त्यासाठी परिमाण, संख्या, राशी, मात्रा, प्रमाण असे अनेक प्रतिशब्द मराठीत वापरले जातात. त्यांपैकी कोणताही कोठेही चालेल असे तुम्हांला वाटण्याचा संभव आहे. तसे का चालत नाही, ते पाहू.

व्युत्पत्ती

लॅटिनमधील ‘क्वांतुस’ म्हणजे ‘किती’ किंवा ‘केवढा’. त्यापासून बनलेले भाववाचक नाम फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. संस्कृतातील ‘इयत्ता’ या शब्दाची घडणही अशीच आहे. ‘इयत्’ म्हणजे ‘एवढे’. त्याला ‘ता’ प्रत्यय लागून ‘एवढेपणा’ असा अर्थ सिद्ध झाला. आजच्या मराठीत हा शब्द मुख्यतः शाळेच्या वर्गासाठी वापरला जातो. ‘किती’ या प्रश्नाचा व्याप मराठीत अनेक शब्द वाटून घेतात.

अर्थ आणि उपयोजन

1. मोजता येणाऱ्या वस्तू : खरेदीपत्रकात ‘क्वांटिटी’च्या रकान्यात 50 खुर्च्यांची नोंद असेल, तर तेथे ‘संख्या’ किंवा ‘नग’ हा शब्द योग्य ठरतो. पैशाच्या संदर्भात मात्र इंग्रजीत ‘अमाउंट’ येतो आणि मराठीत ‘रक्कम’.

2. मापता येणारे पदार्थ : वेष्टनबंद वस्तूंवर निव्वळ ‘क्वांटिटी’ छापणे भारतात कायद्याने आवश्यक आहे. तिचे भाषांतर सरसकट ‘निव्वळ वजन’ असे केल्यास घोटाळा होतो. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते. लिटर हे आकारमानाचे एकक आहे, वजनाचे नव्हे. म्हणून वजन आणि आकारमान या दोहोंना सामावणारा ‘परिमाण’ हा शब्द येथे निर्दोष ठरतो.

3. गणित आणि भौतिकशास्त्र : येथे ‘राशी’ हा शब्द रूढ आहे. वस्तुमान ही अदिश राशी, तर वेग ही सदिश राशी. खळ्यावरच्या धान्याच्या ‘राशी’शी या शब्दाचे नाते उघड आहे.

4. छंदःशास्त्र : स्वराच्या उच्चारास लागणाऱ्या कालावधीलाही इंग्रजीत ‘क्वांटिटी’ म्हणतात. त्यासाठी मराठीत ‘मात्रा’ हा शब्द आहे. लघू अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. ‘सदन’ आणि ‘राम’ या शब्दांची अक्षरसंख्या भिन्न आहे, तरी दोहोंच्या मात्रा तीनच आहेत. यावरून संख्या आणि मात्रा यांतील भेद तुमच्या लक्षात येईल.

एक धोक्याची जागा

‘मात्रा’ हा शब्द औषधाच्या संदर्भातही येतो. तेथे त्याचा अर्थ ‘एका वेळी घ्यावयाचे औषध’ असा होतो. बाटलीत एकूण 100 मिलिलिटर औषध आहे, एवढेच सांगण्यासाठी इंग्रजीत ‘क्वांटिटी’ छापलेले असते. भाषांतरकाराने तेथे ‘मात्रा : 100 मिलिलिटर’ असे लिहिले, तर केवळ मराठी वाचणारा रुग्ण काय समजेल, याचा विचार करा. शब्द कोशात सापडला, तरी येथे तो एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो.

‘प्रमाण’ या शब्दाबाबतही सावध असावे. ‘पाण्यातील क्षाराचे प्रमाण’ या प्रयोगात दोन गोष्टींची तुलना अभिप्रेत असते. शिवाय ‘पुरावा’ आणि ‘अधिकृत’ हेही त्याचे अर्थ आहेत. केवळ ‘किती’ एवढेच सांगायचे असता हा शब्द टाळणे इष्ट.

सारांश

प्रतिशब्द निवडण्यापूर्वी मूळ वाक्याला विचारा : येथे वस्तू मोजली आहे, मापली आहे, तिची तुलना केली आहे, की तिचा उच्चारकाल सांगितला आहे? या प्रश्नाचे उत्तर मिळाले, की योग्य शब्द ठरवता येतो.

स्वाध्याय

1. ‘निव्वळ वजन’ आणि ‘निव्वळ परिमाण’ यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
2. तुमच्या घरातील औषधाच्या एका वेष्टनावरील मजकूर मराठीत आणा आणि ‘मात्रा’ हा शब्द कोठे योजाल, ते सकारण लिहा.